पोरांना लीडर बनवायचं तर आधी ऐकायला कसं शिकवायचं? अनुभव हवेत

पाऊलखूण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. १४ ते १९ वयाच्या मुलामुलींच्या एका ग्रुपबरोबर मी स्वयंसेवक म्हणून काम करते. या वयोगटासाठी नेतृत्व विकासाची जी जी शिबिरं बघितली त्यात साधारण एकच मसाला असतो, भाषण कसं करायचं, स्टेजवर कसं उभं राहायचं, नजरेला नजर कशी भिडवायची, आत्मविश्वास वगैरे वगैरे. होतं काय की जी दोन-तीन पोरं आधीपासूनच बोलकी असतात ती अजून बोलकी होऊन परत येतात आणि बाकीची अजून मागच्या रांगेत सरकतात. मग पुढच्या मीटिंगला तेच तिघं बोलतात, तेच ठरवतात, आणि काम करायची वेळ आली की "कोणी सपोर्टच करत नाही" म्हणून तेच तिघं चिडतात. अरे पण तुम्ही कोणाला विचारलं होतं का?

तर मला असं वाटायला लागलंय की या वयात नेतृत्व शिकवायचं म्हणजे समोरच्याचं नीट ऐकणं आणि चार जणांना धरून काम तडीस नेणं हे शिकवायला हवं, बोलणं नंतर आपोआप येतं. पण "एकमेकांचं ऐका रे" असं सांगून कोणी ऐकत नाही हे तर सगळ्यांनाच माहितीये. ज्यांनी मुलांबरोबर हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी नक्की काय केलं ते लिहा प्लीज. सुविचार नकोत, ते भिंतीवर भरपूर लावलेत आमच्याकडे.

रोखठोक

विषय चांगला आहे पण थोडं विरोधात लिहितो, राग मानू नका. लीडरचं काम निर्णय घेणं आहे. सगळ्यांचं ऐकत बसलं की मीटिंग तीन तास चालते आणि शेवटी "पुढच्या वेळी बघू" यावर संपते, ऑफिसात आयुष्य गेलंय माझं यात. उद्या कुठे आग लागली तर काय गोल करून बसणार आणि प्रत्येकाला विचारणार, तुला आगीबद्दल काय वाटतं? आजकाल मुलांना आधीच कशाला नाही म्हणता येत नाही, त्यात ही हळुवार ट्रेनिंगं. भाषण करता येणं, चारचौघात ठामपणे बोलता येणं ही छोटी गोष्ट नाहीये, ते शिकवणाऱ्या शिबिरांना एवढी नावं ठेवायचं कारण नाही.

निरभ्र

धागा वाचतोय. आमच्याकडेही सेम टू सेम परिस्थिती, तेच तिघं!

खडूफळा

मी शिक्षक आहे, वर्गातलं सांगतो. मुलांनी ऐकावं असं वाटत असेल तर आधी मोठ्यांनी गप्प बसायला शिकावं लागतं आणि ते भयंकर अवघड आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातल्या संभाषणांची रेकॉर्डिंग्ज तपासली होती. शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी थांबतात किती, तर सरासरी साधारण १ सेकंद! तेवढ्यात उत्तर नाही आलं की दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच सांगून टाकतात. हेच थांबणं ३ सेकंद किंवा जास्त केलं तर उत्तरं लांब यायला लागली, "माहीत नाही" कमी झालं, आणि जी मुलं एरवी तोंड उघडत नाहीत ती स्वतःहून बोलायला लागली. मुलं एकमेकांच्या बोलण्याला जास्त उत्तरं द्यायला लागली हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. ३ सेकंद शांतता म्हणजे वर्गात युग वाटतं. मी मनात आकडे मोजतो, आणि अजूनही कधी कधी २ वरच तोंड उघडायची खाज सुटते. आणि एक, पहिलं उत्तर आल्यावर "शाब्बास, बरोबर" म्हटलं की बाकीच्यांचं डोकं तिथेच बंद होतं. "अजून कोणी?" एवढंच म्हणून परत थांबायचं.

तर पाऊलखूण, तुमच्या ग्रुपमध्ये तेच तिघं बोलतात त्यात त्या तिघांचा दोष कमी असेल, मीटिंगचा वेगच असा असेल की पटकन बोलणाऱ्यालाच जागा मिळते.

रोखठोक

@खडूफळा वर्गात ठीक आहे हो, तिथे तुम्ही आहात सांभाळायला. मुलांच्या स्वतःच्या मीटिंगमध्ये शांतता ठेवली तर अर्धे मोबाईल काढतील. आणि माझ्या आगीच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाहीये अजून.

जुनीवही

आगीचं उत्तर देतो. आग लागली की विचारायचं नसतं, ओरडायचं असतं. पण पोरांच्या ग्रुपमध्ये रोज आग लागते का हो? नव्वद टक्के वेळा प्रश्न हा असतो की कार्यक्रम कोणता करायचा, कोण काय करणार, आणि मागच्या वेळी ज्याला एकट्याला सगळं आवरावं लागलं तो आता यायला का तयार नाही. आणि खरोखर आग लागली तरी पोरं कोणाच्या ओरडण्यावर धावतील? ज्याच्यावर आधीपासून विश्वास आहे त्याच्याच ना.

आता तुमचा मुद्दा की सगळ्यांचं ऐकलं की काम होत नाही. यावर एक फार जुना प्रयोग आहे, मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्याचे दोन सहकारी लिपिट आणि व्हाइट, अमेरिकेतलं आयोवा विद्यापीठ, निष्कर्ष छापून आले १९३९ मध्ये. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे छोटे क्लब केले, मुखवटे बनवणे वगैरे कामं दिली, आणि मोठ्या माणसांना वेगवेगळ्या पद्धतीने लीडर व्हायला सांगितलं. एक हुकूम सोडणारा, एक मुलांना विचारून त्यांच्यासोबत ठरवणारा, आणि नंतर तिसरा प्रकार आला तो म्हणजे सगळं मुलांवर सोडून बाजूला बसणारा. हुकूमवाल्याच्या ग्रुपमध्ये तो असेपर्यंत काम जोरात चालायचं हे खरं आहे, पण तो खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं, आणि एकमेकांवर खेकसणं नाहीतर निमूटपणे मान खाली घालून बसणं हे दोन्ही तिथे जास्त दिसलं. विचारून ठरवणाऱ्याच्या ग्रुपमध्ये लीडर बाहेर गेला तरी मुलं काम करत राहायची.

पण रोखठोक, तुम्हाला उपयोगी पडेल असा भाग पुढे आहे. तिसरा, म्हणजे "तुमचं तुम्ही बघा" वाला ग्रुप, त्यात काम सगळ्यात रखडलं. म्हणजे तुम्ही ज्या तीन तासांच्या मीटिंगांबद्दल बोलताय तो हा प्रकार आहे. तिथे कोणी ऐकतही नसतं आणि सूत्रंही कोणी हातात धरत नसतं. लोक ऐकणं आणि सोडून देणं या दोन्हीत नेहमी गल्लत करतात, ऐकणारा लीडर म्हणजे मऊ लीडर असं समजतात.

रोखठोक

हम्म. दहा वर्षांच्या मुलांचा मुखवट्याचा प्रयोग आणि १८ वर्षांच्या पोरांचा खरा उपक्रम यात फरक आहे, पण तिसऱ्या प्रकाराचा मुद्दा मान्य, आमच्या ऑफिसचं नावच सांगितलंत.

अर्धवट

मी इथे नवीन आहे आणि बहुतेक सगळ्यात लहान, १९. तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय त्यातलीच एक म्हणून लिहिते, चालेल ना.

आम्हाला ऐकायला शिकवायच्या आधी एक सांगू का, आम्हाला खोटं ऐकणं लगेच कळतं. मी ज्या ग्रुपमध्ये होते तिथे दादा-ताई लोक मस्त गोल करून बसवायचे, "तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने बोला", आम्ही अर्धा तास बोलायचो, चार्टपेपरवर सगळं रंगीत पेनाने लिहायचं, फोटो. आणि मग पोस्टर बघितलं की कळायचं हे तर आधीच छापून आलंय. तारीख पण ठरलेली, पाहुणे पण ठरलेले. दोन वेळा असं झालं की तिसऱ्या वेळी कोणी मोकळेपणाने बोलत नाही, मग तेच दादा-ताई म्हणतात आजकालची मुलं काही बोलतच नाहीत.

आधीच ठरलं असेल तर सरळ सांगा ना की ठरलंय, फक्त खोली कशी सजवायची ते तुमच्याकडे आहे. राग नाही येत त्याचा. विचारून मग न ऐकण्याचा येतो. आणि जे विचारलं त्यातलं काय घेतलं, काय नाही घेतलं आणि का नाही, हे परत येऊन सांगा. हे परत येऊन सांगणं मी आजपर्यंत फार कमी मोठ्या माणसांना करताना बघितलंय.

खडूफळा

अर्धवट, नाव बदला आधी, एवढं पूर्ण लिहिल्यावर शोभत नाही ते :)

जुनीवही

अगदी. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची एक शिडी मांडली होती, ८ पायऱ्यांची. खालच्या ३ पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं, आणि नावापुरतं विचारणं. तुमचा रंगीत चार्टपेपर तिसऱ्या पायरीवर बसतो. गंमत म्हणजे त्या शिडीवर मोठ्यांनी ठरवून मुलांना नुसतं काम सोपवणंसुद्धा त्याच्या वरची पायरी आहे, अट एवढीच की कशासाठी करतोय हे मुलांना खरं खरं सांगितलेलं असावं आणि त्यांनी समजून हो म्हटलेलं असावं. म्हणजे तुम्ही जे म्हणताय की सरळ सांगा, तेच. आणि सगळ्यात वरची पायरी "मुलं एकटी करतात" ही नाहीये, मुलं सुरुवात करतात आणि मोठ्यांना सोबत घेऊन ठरवतात ही आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत कलम १२ आहे, मुलांना त्यांच्याशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा हक्क आणि त्या मताला वयाप्रमाणे, समजेप्रमाणे वजन द्यायचं. दुसरा अर्धा भाग सगळे विसरतात.

पाऊलखूण

@अर्धवट, तुझा प्रतिसाद मी आमच्या स्वयंसेवकांच्या ग्रुपवर टाकला (नाव न देता), दोघं जण गप्प झालेत तेव्हापासून. छान लिहिलंस.

बरं पण आता मुलामुलांमधलं ऐकणं, त्यासाठी काही ठोस? खेळ, सराव, काहीही.

चौकट

मी अशी सत्रं घेतो, पद्धत लिहितो. थोडं लांबेल.

तिघांचे गट. एक बोलणारा, एक ऐकणारा, एक नुसता बघणारा. बोलणाऱ्याने त्याला खरंच खटकलेली एक छोटी गोष्ट सांगायची, छोटी म्हणजे छोटीच, आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आणू नका हे मी आधीच बजावतो. ४ मिनिटं. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, "अरे माझं पण सेम झालं" नाही, आणि "सोड रे, होतं असं" पण नाही. त्याने प्रश्न विचारायचे ते समजून घ्यायला, उलटतपासणी घ्यायला नाही. शेवटी त्याने जे ऐकलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं, काय घडलं तेही आणि बोलणाऱ्याला त्याचं काय वाटलं असावं तेही. मग बोलणारा म्हणणार, हो हेच, किंवा नाही, अर्धंच कळलंय. बोलणाऱ्याने हो म्हणेपर्यंत संपत नाही. मग बघणारा सांगतो, कुठे ऐकणाऱ्याची नजर गेली, कुठे तो सल्ला द्यायला निघाला आणि जीभ चावली. मग अदलाबदल.

याच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सचं काम आहे, त्याने आणि फार्सनने १९५७ मध्ये यावर एक छोटी पुस्तिका लिहिली होती ती मुख्यतः कामाच्या ठिकाणांसाठी होती, म्हणजे थेरपीच्या खोलीपुरतं हे राहिलं नव्हतं. रॉजर्सचीच एक युक्ती आहे जी मी दुसऱ्या सत्रात घेतो, भांडणासाठी. एखाद्या मुद्द्यावर खरोखर दोन मतं असलेली पोरं समोरासमोर बसवायची. नियम असा की समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडून दाखवल्याशिवाय स्वतःचा मुद्दा बोलायचा नाही. पहिली पाच मिनिटं प्रचंड गोंधळ, "मी असं म्हटलंच नाही", "म्हटलंस", हशा. मग वेग उतरतो. मत बदलतं असं नाही, बहुतेक वेळा बदलत नाहीच, पण नक्की कशावर भांडतोय हे तरी कळतं आणि अर्ध्या वेळा ते भलतंच काहीतरी निघतं.

बघणाऱ्याची भूमिका वगळू नका. सगळ्यात जास्त शिकतो तो बघणारा असं माझं मत झालंय.

थोडक्यात

चौकटराव, आमच्याकडे हे सत्र झाल्यावर माझी मुलगी दोन आठवडे घरात "म्हणजे आई तुला असं म्हणायचंय की पसाऱ्यामुळे तुला एकटं वाटतं" असं करत होती. एकटं नाही गं, राग येतो, उचल तो पसारा.

चौकट

हाहाहा, हो, तो टप्पा येतोच! पोपटपंची होते सुरुवातीला. शब्द परत म्हणणं हा सराव आहे, ते लहान मुलांच्या सायकलला लावलेली आधाराची जादा चाकं असतात तसं, सायकल यायला लागली की काढायची असतात. ज्या पोरांना खरंच जमतं ती "म्हणजे तुला असं म्हणायचंय" कधीच म्हणत नाहीत, ती फक्त योग्य प्रश्न विचारतात. किंवा पसारा उचलतात.

जुनीवही

सरावाबद्दल सहमत, पण नुसत्या सरावावर माझा भरवसा कमी आहे. सत्रात सगळे छान ऐकतात, बाहेर पडले की जैसे थे. ऐकल्याशिवाय काम पुढे सरकणारच नाही अशी कामाची रचनाच करावी लागते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे मानसशास्त्रज्ञ एलियट आरनसनची जिगसॉ पद्धत. १९७१, टेक्सासमधलं ऑस्टिन शहर. काळ्या, गोऱ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नव्याने एका वर्गात आणलं होतं आणि वातावरण तापलेलं होतं. त्याने केलं काय, धड्याचे तुकडे केले आणि छोट्या गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. बाकीचे तुकडे हवे असतील तर शेजारच्याकडूनच घ्यावे लागणार, परीक्षा मात्र पूर्ण धड्याची. मग ज्याला बोलायला अडखळायला होतं त्याला हसून चालत नाही, त्याला नीट विचारून त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं, कारण तो तुकडा दुसऱ्या कोणाकडे नाहीच. एकाच तुकड्याची वेगवेगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तयारी करतात, त्यामुळे कच्चा मुलगाही अगदी रिकाम्या हाताने गटात परतत नाही.

याउलट नुसतं "एकत्र आणलं की जुळतं" हे खोटं आहे. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफचा १९५४ चा उन्हाळी शिबिराचा प्रयोग बघा, अमेरिकेत ओक्लाहोमातलं रॉबर्स केव्ह. २२ मुलं, दोन गट, आधी स्पर्धा लावून दिल्या तर झेंडे जाळण्यापर्यंत मजल. मग एकत्र जेवण, एकत्र सिनेमा करून बघितलं, भांडणं चालूच. कमी कधी झाली, तर पाणीपुरवठा बंद पडला आणि ट्रक अडकला तेव्हा, म्हणजे दोन्ही गटांशिवाय सुटणार नाही असं काम आलं तेव्हा. (हे प्रसंग संशोधकांनी मुद्दाम घडवून आणलेले होते आणि मुलांना आपल्यावर प्रयोग चाललाय हे माहीतच नव्हतं. आज असं करायला कोणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये. शिवाय मोठ्यांनी भांडणाला किती खतपाणी घातलं यावर बरीच टीका झालीये, म्हणून मी त्यातून फार मोठे निष्कर्ष काढत नाही.)

पण शिबिरांमध्ये सहकार्य शिकवायचं म्हणून दोन टीम करून स्पर्धा लावतात ना, तेव्हा मला हे दरवेळी आठवतं.

रोखठोक

सहकार्याचं एक सांगतो, आणि यावर कोणी प्रयोग केला नसेल तर मी करतो. पाच जणांना काम दिलं की दोघं राबतात, एक जण सूचना करतो, आणि दोघं थेट फोटोच्या वेळी उगवतात.

चौकट

केलाय प्रयोग :) रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनियरने, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी. दोरी ओढायला माणसं वाढवत गेलं की प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. नंतर १९७९ मध्ये लाटाने आणि सहकाऱ्यांनी लोकांना ग्रुपमध्ये टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच मोजलं. एकट्याने जेवढा आवाज काढतात तेवढा गर्दीत काढत नाहीत. त्यामुळे तुमची तक्रार अगदी खरी आहे, आणि "सहकार्य" शब्द पोरांना नकोसा होतो तो याचमुळे, प्रामाणिक पोरं भरडली जातात.

उपाय मला तरी जे लागू पडले ते असे. गट चार-पाचच्या वर नाही. प्रत्येकाचा तुकडा वेगळा आणि नावासकट लिहिलेला, वर जिगसॉ लिहिलंय तेच तत्त्व. मीटिंग चालवणं, नोंदी घेणं, वेळ बघणं ही कामं फिरती, म्हणजे तेच तिघं कायमचे खुर्चीत बसत नाहीत. आणि मधे एकदा थांबून "कोणाकडे जास्त झालंय?" हा प्रश्न. यात कोण कामचुकार हे विचारत नाही मी, तसं विचारलं की कोर्ट सुरू होतं.

अजून एक, कल्पना मागवताना आधी सगळ्यांनी ५ मिनिटं गप्प बसून लिहायचं आणि मग बोलायचं. एक जण बोलत असताना बाकीचे आपली पाळी यायची वाट बघतात आणि तेवढ्यात त्यांच्या कल्पना विरून जातात किंवा फालतू वाटायला लागतात. डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये हे तपासून दाखवलं होतं, ग्रुपमध्ये बसून सुचण्यापेक्षा तेवढीच माणसं वेगवेगळी बसली तर कल्पना जास्त येतात. लिहिण्याने बुजऱ्यांची सोय होते तशी उतावळ्यांचीही होते.

समंजस

सगळे उत्साहात आहेत म्हणून जरा ब्रेक लावते. मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे.

मुलांना चांगलं ऐकायला शिकवलं की इतर मुलं त्यांच्याशी खरंच बोलायला लागतात. मग कधीतरी असं काही समोर येतं जे १६ वर्षांच्या मुलीने एकटीने पेलायचं नसतं. घरात मारहाण, कोणीतरी अंगाशी केलेली लगट, स्वतःला इजा करून घेण्याचे विचार. हे होणार हे धरून चाला आणि पहिल्याच दिवशी मुलांना सांगून ठेवा. "कोणाला सांगणार नाहीस ना" असं कोणी म्हटलं तर गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही. शांतपणे ऐकायचं, खोदून खोदून विचारायचं नाही, "तू मला सांगितलंस हे बरं केलंस" म्हणायचं आणि सांगायचं की यात मदत करू शकेल अशा मोठ्या माणसापर्यंत आपण हे न्यायला हवं, मी सोबत येते. आणि तो मोठा माणूस कोण हे ग्रुपमध्ये नावानिशी ठरलेलं हवं. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि लगेच कळवायचं. "असं विचारलं तर त्याच्या डोक्यात भरेल" ही भीती लोकांना असते, पण नीट, सरळ विचारण्याने धोका वाढत नाही.

दुसरं, प्रत्येक ग्रुपमध्ये एक-दोन मुलं (माझ्या पाहण्यात जास्त करून मुली) अशी असतात की सगळे त्यांच्याकडेच मन मोकळं करायला जातात. आपण कौतुक करतो, किती समजूतदार आहे म्हणून. ती मुलगी रात्री दोनला मेसेजला उत्तरं देत बसलेली असते. ऐकणाऱ्यानेही "आत्ता माझ्याकडे त्राण नाही, उद्या बोलूया का" असं म्हणणं हेसुद्धा शिकवायचा भाग आहे. आणि ज्यांच्याकडे सगळे मन मोकळं करतात त्याच पोरींना लीडर म्हणून कोणी विचारत नाही, त्यांना नोंदी घ्यायला बसवतात. हे बघा जरा आपापल्या ग्रुपमध्ये.

पाऊलखूण

@समंजस हे फार गरजेचं होतं, धन्यवाद. आमच्याकडे असा ठरलेला माणूस नाहीये, या आठवड्यात ते आधी करते, बाकी सराव नंतर.

अर्धवट

नोंदी घ्यायला बसवतात!!! मीच ती.

अजून एक सांगायचं होतं, सगळ्या गप्प मुलांना बोलतं करायच्या मागे लागू नका. काही जण गप्प असतात कारण जागा मिळत नाही, काही जण गप्प असतात कारण ते विचार करताहेत, आणि काहींना खरंच त्या विषयात रस नाहीये. गोलात बसून "आता तू बोल, तू काहीच बोलली नाहीस" असं म्हटलं की माझं तर डोकं ब्लँक होतं. मला मीटिंगच्या आधी विषय कळवा, मी लिहून आणते. वर लिहिलेला ५ मिनिटं लिहायचा प्रकार आवडला.

रोखठोक

बरं, मी एवढा वेळ वाचतोय तर माझी भूमिका सांगतो, पूर्ण बदललेली नाही. ऐकणं शिकवा, जरूर शिकवा, पण त्याच्याबरोबर हेही शिकवा की ऐकून झाल्यावर एका माणसाने उभं राहून "आपण हे करतोय, हे नाही करत, कारण असं असं" म्हणायचं असतं. आणि ज्यांचं नाही ऐकलं गेलं त्यांचे चेहरे पडतात ते सहन करायचे असतात. ते नाही शिकवलं तर तुम्ही चांगली माणसं तयार कराल, लीडर नाही. मीटिंग सुरू होतानाच सांगा की अमुक वाजेपर्यंत बोलायचं, मग ठरवायचं, आणि ठरवणार कसं, मतदानाने का सगळ्यांच्या होकाराने का ज्याच्याकडे जबाबदारी तो. पोरांना हे आधी माहीत असलं की निम्मी भांडणं होतच नाहीत.

खडूफळा

@रोखठोक हा या धाग्यावरचा सगळ्यात उपयोगी प्रतिसाद आहे आणि तुम्ही तो विरोध म्हणून लिहिलाय, कमाल आहे. अर्धवटचं "परत येऊन सांगा" आणि तुमचं "कारण असं असं" एकच आहे की.

रोखठोक

असेल. मी तिच्याआधी म्हणणार होतो.

निरभ्र

एक प्रॅक्टिकल प्रश्न. ते जे "तेच तिघं" आहेत त्यांचं काय करायचं? आमच्यातला एक जण खरंच हुशार आहे, धडाडीचा आहे, त्याला गप्प बसवलं की तो यायचाच बंद होईल.

चौकट

गप्प बसवू नका, त्याचं बोलणं कामाला लावा. त्याला सांगायचं, पुढच्या मीटिंगला तू स्वतःचं मत मांडायचं नाही, जे कमी बोलतात त्यातल्या तिघांना आधी भेटायचं, त्यांना काय वाटतं ते मीटिंगमध्ये तू मांडायचं, आणि मांडून झाल्यावर ते तिघं सांगतील बरोबर मांडलं का. बोलकी पोरं हे आव्हान म्हणून घेतात. बोलण्याची हौसही भागते आणि ऐकल्याशिवाय इलाजही नाही. पहिल्या वेळी बहुतेक जण स्वतःचंच मत त्यांच्या तोंडी घालतात आणि ती तीन मुलं सगळ्यांसमोर "आम्ही असं नव्हतो म्हणालो" म्हणतात. तेव्हा हसण्यावारी न्यायचं, त्याला पाडायचं नाही.

जुनीवही

यालाच जोडून, वूली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास छापला होता, ६९९ माणसं, २ ते ५ जणांचे गट, तऱ्हेतऱ्हेची कामं. गटाची कामगिरी त्यातल्या सगळ्यात हुशार माणसावर फारशी अवलंबून निघाली नाही, समोरच्याच्या मनातलं ओळखता येणं आणि बोलायच्या पाळ्या सगळ्यांना मिळणं याच्याशी तिचा जास्त संबंध निघाला. यावर नंतर वादही झालेत, त्यामुळे वेदवाक्य म्हणून सांगत नाही. पण तुमच्या त्या हुशार मुलाला हा अभ्यास वाचायला द्या, हुशार मुलांना असलं वाचायला आवडतं.

थोडक्यात

आणि हे सगळं मोजायचं कसं? भाषणाची स्पर्धा घेतली की ढाल देता येते, प्रमाणपत्र देता येतं, पालक खूश. ऐकण्याचं काय दाखवणार? आमच्याकडे वर्षाच्या शेवटी रिपोर्ट द्यावा लागतो.

चौकट

प्रमाणपत्र नका देऊ कृपया, "उत्कृष्ट श्रोता" असं लिहिलेलं तर मुळीच नको. मी तीन गोष्टी टिपून ठेवतो. मीटिंगमध्ये किती वेगवेगळी माणसं बोलली, नुसत्या रेघा मारून. ठरलेल्या कामांपैकी किती झाली आणि ती किती जणांनी केली. आणि आधी कधीच पुढे न आलेल्यांपैकी कोणी एखादी मीटिंग चालवली का. रिपोर्टला एवढं पुरतं. बाकी तुम्ही नसताना काय होतं ते बघा, तो लेविनवाला मुद्दा.

पाऊलखूण

हे मी येत्या मीटिंगला करणार आहे. विषय आधी कळवलाय, पाच मिनिटं लिहायची, मीटिंग चालवायला नोंदी घेणाऱ्या मुलीला सांगितलंय (ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली वेळ बघायला कोणीतरी सोबत द्या, दिलं), त्या तिघांना चौकट यांनी सांगितलेलं काम दिलंय, आणि निर्णय किती वाजता आणि कसा घ्यायचा ते फळ्यावर लिहून मी वीस मिनिटं बाहेर जाणार. दाराला कान लावायची परवानगी आहे का?

रोखठोक

नाही.

अर्धवट

नाही. आणि आत आल्यावर "काय ठरलं" हे त्या तिघांना नका विचारू, जी मीटिंग चालवतेय तिला विचारा.